दशरथनानांची अर्धी गिरकी

बोरिवलीच्या काजुपाड्यात जाखडी म्हटली की दशरथनाना, आणि दशरथनाना म्हटले की शिव्या. गणपती जवळ आले की सोसायटीच्या हॉलमध्ये गाववाल्यांची तालीम सुरू व्हायची. मधे ढोलकीवाला आणि गाणारे, भोवती फेर धरून नाचणारे, प्रत्येकाच्या एका पायात चाळ. फेरात अर्धीच गिरकी घ्यायची, ही नानांची शिस्त. कुणाचा खांदा जरा जास्त वळला की खुर्चीवरून आरोळी यायची, "मेल्या, बापजाद्यांचा नाच आहे हा, लग्नाची वरात नाय!" तीस वर्षं हेच.

यंदा लेकीने, मानसीने, नानांना आणि वनमालाकाकूंना मॉरिशसला नेलं. पहिले तीन दिवस नानांना काही म्हणजे काही पटेना. समुद्र? तो काय गावाला नाही? हॉटेलात गोऱ्या पाहुण्यांपुढे केळीच्या पानावर पुरी वाढत होते आणि वाढणारा फाडफाड फ्रेंच बोलत होता. नाना म्हणाले, "विमानात बसून केळीचं पानच बघायला आलो होय?"

चौथ्या दिवशी गाडीच्या ड्रायव्हरने आपलं नाव सांगितलं, धोंडिराम. नाना उडालेच. हल्ली मुंबईत पोराचं नाव धोंडिराम ठेवलं तर पोरगं आईबापावर केस करील! आणि हा तिशीचा गडी, डोळ्यांवर गॉगल, छाती काढून ते नाव सांगत होता. पाच-सहा पिढ्यांमागे त्याची माणसं कोकणातून उसाच्या मळ्यात राबायला गेलेली. "आज जाखडी आहे आमच्या घरी," तो मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला. "येता?"

नाना गेले, पण परीक्षक होऊन गेले. अंगणात बायाबाप्यांचा फेर उभा राहिला, ढोलकीवर थाप पडली आणि नानांच्या अंगावर सर्रकन काटा आला. तीच चाल, तेच शब्द. गाणाऱ्यांना निम्म्या शब्दांचा अर्थ ठाऊक नव्हता, पण एक अक्षर गळलं नव्हतं. अगं आई गं! नानांना रडूच आलं. तेवढ्यात साऱ्या फेराने पुरी गिरकी घेतली.

"थांबा!" नाना उठलेच. "चुकताय. अर्धंच फिरायचं."

धोंडिरामची आजी ऐंशीची, चाळ बांधून फेरात उभी. तिला राग आला नाही, नवल वाटलं. "अर्धं? का बरं? तिकडे जागा नव्हती?"

नानांना वडिलांची लालबागची खोली आठवली. दहा बाय बारा, गिरणीतले चौदा जण, भिंतीला लावलेल्या ट्रंका. वडील तिथेच तालीम घ्यायचे, आणि पुरं फिरलं की हात ट्रंकेवर आपटायचा. म्हणून अर्धं. दुसरं काही कारण नव्हतंच. नानांनी वाकून त्या आजीच्या पायांना हात लावला.

घरी आल्यावर वनमालाकाकूंनी बजावलं, "पोरांना सांगू नका हां. उद्यापासून तुम्हाला विचारणार नाय कोण." खोटं नव्हतं ते. नानांकडे या वयात दुसरं होतं तरी काय? तो मान, ती खुर्ची, बस्स.

तालमीच्या दिवशी नाना खुर्चीवर बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "पोरांनो, मी तुम्हाला चुकीचं शिकवलं." आणि सगळं सांगून टाकलं.

अंधेरीच्या ऑफिसातून धावतपळत आलेला सर्वेश भडकलाच. "म्हणजे नाना, इतकी वर्षं शिव्या फुकट खाल्ल्या आम्ही?"

"फुकट रे बाबा," नाना म्हणाले. "माझ्या बापाकडे फिरायला जागा नव्हती, तरी त्याने नाच सोडला नाय. ती माणसं समुद्रापलीकडे गेली, बोली अर्धी विसरली, नाच विसरली नाय. आणि मी त्यांना शिकवायला गेलो! जायचं असेल त्याने जा. मी काय बोलणार नाय."

सर्वेश दाराकडे गेला. नानांनी मान खाली घातली. मग बाहेरून त्याचा आवाज आला, "अरे, बाईक हटवा रे सगळ्या! इथे कंपाउंडमध्ये फेर धरू. नाना, या ना, आधी तुम्ही फिरून दाखवा."

नानांनी चाळ बांधला. ढोलकी वाजली. पुरी गिरकी घेताना त्यांचा तोल गेला, सर्वेशने कोपर धरलं.

"सोड मेल्या," नाना म्हणाले, "फिरू दे मला."