सतरा नंबरचं रबर

"पंपापाशी आहेस ना आत्ता?"

फोन उचलल्या उचलल्या वायरकाकांनी विचारले. मी खरोखरच बस डेपोतल्या डिझेल पंपाशेजारी उभी होते. एका हातात लॅपटॉप, दुसऱ्या हातात फोन आणि शिडी भिंतीला टेकवलेली. काका चार वर्षांपूर्वी निवृत्त होऊन लेकीकडे राहायला गेले होते, इथून बसने दोन तासांवर. मी कुठे उभी आहे हे त्यांना कळायचे काही कारण नव्हते.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कॅमेऱ्यांनी. सकाळपासून ओळीने निरोप येतायत. एक झाला, दोन झाला. तुझी काकू वाचून दाखवतेय. आत्ता नऊ आला. नऊ म्हणजे पंप."

मी जीभ चावली.

प्रत्येक कॅमेऱ्याच्या पोटात सेटिंगचे एक पान असते. कॅमेऱ्याचे नाव काय, तो कुठे बसवला आहे, बिघाड झाला तर कळवायचे कुणाला. आमच्या डेपोतल्या एकतीसच्या एकतीस कॅमेऱ्यांत 'कळवायचे कुणाला' पुढे वायरकाकांचा पत्ता होता. काका गेले, त्यांच्या जागी मी आले, पण तो पत्ता बदलावा असे मला कधी वाटले नाही आणि कुणी विचारलेही नाही. आता मुख्य कार्यालयातून फर्मान आले होते. सगळ्या डेपोंचे निरोप यापुढे त्यांच्या एका खोलीत जाणार, जुनी नावे आज संध्याकाळपर्यंत काढून टाका.

फर्मान येऊन तीन दिवस झाले होते. तीनदा मी काकांचा नंबर लावला आणि तीनदा कापला. शेवटी ठरवले, गुपचूप उरकून टाकू, मग सावकाश सांगू. पण पत्ता बदलला की कॅमेरा जुन्या पत्त्यावर एक ओळ धाडतो, म्हणजे चोराने परस्पर बदलला तर मालकाला कळावे. हे मला काकांनीच शिकवले होते. ज्यांनी शिकवले त्यांच्यापासूनच लपवायला निघाले आणि शिकवलेलेच विसरले. माझ्या अकलेचे असे दिवाळे अधूनमधून निघते.

"रागावलात?"

"रागवायचं काय त्यात? हुकूम आलाय तर काम करायचंच. फक्त खुर्चीत बसून करत नाहीयेस ना?"

"नाही हो. शिडी घेऊन फिरतेय."

"मग ठीक. चालू दे. मी आहे इथेच."

हा त्यांचा दंडक होता. खरे तर कंट्रोल रूममध्ये बसून एकतीस कॅमेऱ्यांचे काम तासाभरात होते. पण काका म्हणत, खुर्चीतून बदलणाऱ्याला आकडा दिसतो, जागा दिसत नाही. ज्याचे सेटिंग बदलायचे त्याच्याखाली जाऊन उभे राहायचे, काच पुसायची, मग बदलायचे. झाले की त्याच्यासमोर हात वर करायचा. पडद्यापुढे बसलेल्याने "दिसलास" म्हटल्याशिवाय शिडी हलवायची नाही. मी नवीन होते तेव्हा मी भिंतीशी आणि काका पडद्यापुढे असत. "दिसलीस" असा आवाज आला की मी सुटकेचा निःश्वास टाकून खाली उतरत असे, कारण माझ्याकडे कॉम्प्युटरच्या कोर्सचा कागद होता आणि शिडीची भीती होती. पहिला महिनाभर काकांनी स्वतः शिडी धरली. "खाली बघू नकोस, स्क्रू बघ," एवढेच म्हणत. आता मी एकटीच असते. लॅपटॉप खाली ठेवते, हात वर करते आणि वाकून स्वतःच स्वतःला बघते. बघणारा वेड्यात काढेल, पण सवय सुटत नाही.

काका मुळात बसचे इलेक्ट्रिशियन. हॉर्न, दिवे, वायपर यांत त्यांची वीस वर्षे गेली. डेपोत कॅमेरे आले तेव्हा हात लावायला कुणी धजेना. तेव्हाचे मॅनेजर म्हणाले, तुला वायर कळते ना, मग हेही कळेल. काकांनी माहितीपुस्तिका घरी नेली आणि लेकीच्या शाळेच्या शब्दकोशात बघून बघून वाचून काढली. वायरकाका हे नाव त्यांना तेव्हा पडले.

दहा, अकरा, बारा करत मी पुढे सरकत होते. 'ठिकाण' या रकान्यात लोक दोन अक्षरे लिहून मोकळे होतात. काकांनी तिथे माणसाशी बोलावे तसे लिहून ठेवले होते. 'टायरच्या खोलीचे दार. स्टूल पुरणार नाही, शिडी आणा.' 'हरवलेल्या सामानाची खिडकी. इथल्या बाई दुपारी जेवतात, तेव्हा ठोकाठोक नको.' त्या बाई केव्हाच बदली होऊन गेल्या होत्या. मला मात्र त्यांचा निळा डबा आठवला. सगळ्या हरवलेल्या छत्र्यांमध्ये बसून त्या जेवायच्या आणि मला हाक मारून अर्धी पोळी द्यायच्या. फर्मानात ठिकाणाबद्दल काही लिहिलेले नव्हते. तो रकाना मी तसाच ठेवला.

दर थोड्या वेळाने फोन वाजे. "चौदा आला. जिन्यापाशी आहेस. तिसरी पायरी हलते अजून?" "हलते." "सोळा आला. तिथे चिमण्यांचं घरटं होतं." "अजून आहे, काका." काकांना काचबिंदू झाला होता. एक डोळा पुरता गेला होता आणि दुसऱ्याने जेमतेम उजेड कळे. पण त्या दिवशी ते माझ्या दोन पावले पुढे चालत होते.

सोळानंतर मी थांबले.

सतरा म्हणजे बस धुण्याचा रॅम्प. हा एक कॅमेरा भारी खोडकर. रोज सकाळी सहाला पहिल्या बसवर पाण्याचा फवारा सुरू झाला की त्याचे चित्र जायचे आणि अर्ध्या तासाने तो वाळला की आपोआप परत यायचे. सतराला अंघोळीला रजा लागते, असे डेपोत म्हणत. मी त्याची बाहेरची वायर दोनदा बदलली. आता मागची टोपी उघडून बघते म्हटल्यावर काका फोनवर म्हणाले होते, "जुना आहे तो, राहू दे. आपोआप येतो ना?"

आणि मागे त्यांना भेटायला गेले तेव्हा काकू हसत म्हणाली होती, "सहाला फोन वाजतो. मी वाचते, सतरा बंद. मग हे उठून बसतात. म्हणतात, पहिली गाडी रॅम्पवर लागली. त्याशिवाय चहाला हात लावत नाहीत."

उजेड जेमतेम कळणाऱ्या माणसाची सकाळ त्या निरोपाने होत होती. ती मी माझ्या हाताने पुसू? मुख्य कार्यालयातल्या कुणाला एक सतरा नंबर कमी असल्याचे कळले असते? मी शिडी उचलली आणि सरळ अठराकडे गेले.

चार वाजता एकतिसावा संपला. मी पाने बंद करत होते तोच फोन वाजला.

"सतरा राहिला."

"काका, तो... त्याला काय घाई आहे? बघू नंतर."

"तीस आले. काकूने खुणा केल्यात कॅलेंडरवर. सतरा राहिला. मी तुला अर्धं काम करायला शिकवलं होतं?"

"असू दे ना एक. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलं की." मागे काकूने पंखा बंद केल्याचा आवाज आला. "ऐक. शिडी घे. त्याची मागची टोपी उघड. आत वायरच्या जोडावर रबर नाही, बघ."

मी रॅम्पवर गेले, चढले, टोपी उघडली. जोड उघडाच होता, त्यावर हिरवट थर चढला होता.

"नाहीये."

"टोपीच्या आतल्या बाजूला बघ. टेपखाली."

काळ्या टेपचा एक तुकडा होता. तो सोलला तर खाली रबराची वाटोळी चकती निघाली, पुसून जपून ठेवलेली.

"शेवटच्या दिवशी मीच काढलं ते," काका म्हणाले. "म्हटलं, बाकीचे तीस काही बोलायचे नाहीत. मीच तसे बसवलेत. एक तरी रोज हाक मारेल. चार वर्षं झाली. तुला दोनदा वायर बदलायला लावली, तोंडातून शब्द नाही काढला. तेवढं माफ कर हं पोरी."

शिडीच्या टोकावर उभे राहून रडणे बरे नव्हे, म्हणून मी स्क्रू बघत राहिले.

"राहू दे का तसंच?" मी विचारले.

"बसव. बिघाड आहे तो. आपल्या हातचा बिघाड दुसऱ्याच्या गळ्यात घालून जाऊ नये."

मी जोड घासून पुसला, रबर बसवले, टोपी आवळली. खाली उतरून धुणाऱ्याकडून पाइप मागितला आणि कॅमेऱ्यावर पाण्याची धार धरली. लॅपटॉपवरचे चित्र गेले नाही. मग मी पान उघडले. ठिकाणाच्या रकान्यात लिहिले होते, 'धुण्याचा रॅम्प. सकाळी पाणी असते, जपून.' त्याखाली काकांचा पत्ता होता. तो मी काढला, मुख्य कार्यालयाचा घातला आणि बटण दाबले.

फोनमधून काकांकडची बारीक घंटी ऐकू आली. मग काकू सावकाश वाचू लागली. "सतरा. धुण्याचा रॅम्प. कळवण्याचा पत्ता बदलला."

काकांनी फोन ठेवला नाही.

"हात केलास?" त्यांनी विचारले.

मी ओल्या रॅम्पवर, कॅमेऱ्याच्या बरोबर समोर जाऊन उभी राहिले आणि हात वर केला.

"केला, काका."

"दिसलीस," काका म्हणाले.