निळ्या खडूची रेघ

"परत सोडा," एलिसेओ तारांगो म्हणाला.

ऑस्टरने तार पुन्हा बोअरमध्ये सोडली. तारेच्या टोकाला पाणी लागलं की त्याचं यंत्र पीं करतं. तिसऱ्यांदाही ते तिथेच ओरडलं. तीनशे एक्केचाळीस फूट.

"आणि माझी टेप म्हणते तीनशे नऊ. मधले बत्तीस फूट गेले कुठे? तुमच्या खिशात?"

कुंपणाला टेकलेली माणसं हसली. दोस मेस्कितेस गावची बावीसच्या बावीस घरं सकाळपासून तिथे उभी होती. अ‍ॅरिझोनाच्या त्या माळावर वर्षाला वीतभरही पाऊस पडत नाही, आणि नेमका तिथेच, दोन मैलांवर, कॉम्प्युटरच्या चिपा बनवायचा कारखाना उभा राहत होता. चिपा धुवायला पाणी लागतं, ते याच जमिनीखालून उपसलं जाणार होतं. ऑस्टर कारखान्याचा माणूस. बूट स्वच्छ, बोलणं गोड, आणि येताना गोड वड्यांचे दोन डबे. डब्यांना कुणी हात लावला नव्हता.

करार असा होता: आज मोजलेला आकडा कागदावर चढायचा. पाणी त्याच्याखाली दहा फूट गेलं, की कारखान्याने गावाला नवा, खोल बोअर पाडून द्यायचा. आता आकडाच मुळात बत्तीस फूट खाली लिहिला, तर तेवढं पाणी यांना आंदण. कुठेतरी पाणी मुरत होतं, हे शेंबडं पोरही सांगेल.

"साहेब, यंत्र खोटं बोलत नाही हो," ऑस्टर म्हणाला.

"यंत्र नाही बोलत. ते घेऊन येणारे बोलतात."

पाणी समितीच्या डोन्या ऑरेलियाने काठी आपटली. डोन्या म्हणजे बाईसाहेब. सत्तरी उलटल्यापासून तिला नुसत्या नावाने हाक मारायची कुणाची छाती नव्हती. "आमचे उस्ताद एकतीस वर्षं हा पंप सांभाळतायत," ती म्हणाली. "एक दिवस नळ कोरडा गेला नाही. तुमचं यंत्र कालचं. आम्ही उस्तादांचा आकडा मानतो. शनिवारी या, तोच लिहा, मग सही."

एलिसेओ घरी आला तो छाती फुगवूनच.

त्याची टेप पोलादी, जुनी. टोकाला निळा खडू फासायचा, टेप खाली सोडायची, वर ओढायची. खडू जिथवर भिजला तिथे पाणी. एवढं सोपं, म्हणूनच त्याचा तिच्यावर जीव. त्याने ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरली.

"ती घाण तिथे नको," बायको, रेमेदिओस, तव्यावरून न वळता म्हणाली.

तो फडक्याने टेप पुसू लागला. बोटं घसरली. त्याने ती नाकाला लावली, मग पुन्हा लावली.

"रेमे, हे तेल आहे."

"मग? तुझ्या हातांना कधी नसतं?"

तेच तर! एकतीस वर्षं त्यालाही तेच वाटत आलं होतं. टेप बुळबुळीत यायची, तो पुसायचा, आपलेच हात तेलकट म्हणायचा. पण आज तो हात धुऊन गेला होता. ऑस्टरसमोर नीटनेटकं दिसायचं म्हणून.

वरची मोटर आणि खोल पाण्यातला पंप यांना एक लांब दांडा जोडतो. त्या दांड्याला वरून थेंब थेंब तेल पाजावं लागतं. मिनिटाला आठ थेंब, असं पंपाबरोबरच्या कागदावर लिहिलेलं. एलिसेओ सोळा सोडायचा. दांडा किरकिरलेला त्याला खपायचा नाही. ते जास्तीचं तेल कुठे जातं, हा प्रश्न त्याला एकदाही पडला नव्हता. ते पाण्यावर साचत होतं. खडू भिजत होता तो तेलाने. ऑस्टरच्या यंत्राला तेल कळतच नाही, ते थेट खाली पाण्याला लागल्यावर ओरडतं. मध्ये बत्तीस फूट एलिसेओचं तेल.

चोर शोधायला निघालेला माणूस स्वतःच्याच दारात येऊन उभा राहिला होता.

"म्हणजे त्यांचा आकडा खरा?" रेमेदिओसने विचारलं.

"तोही नाही. एवढं तेल वर बसलंय, त्याच्या भाराने पाणी खाली दबलंय. तेल काढ, पाणी वर येईल."

"कारखान्याच्या त्या पोराला ठाऊक असेल हे?"

"असेल, नसेल. आकडा त्याच्या सोयीचा आहे. तो कशाला उकरून बघेल?"

रेमेदिओसने गॅस बंद केला. "आणि तू गावाला सांगणार? त्यांच्या प्यायच्या पाण्यावर तू तेलाचं तळं करून ठेवलंस म्हणून?"

"पंप तेलाच्याही शंभर फूट खालून ओढतो. नळात थेंब येत नाही."

"ते मला पटेल रे. ऑरेलियाच्या सुनेला सांगून बघ. सातवा चाललाय तिला."

"गप्प बसलो तर ते तीन यंत्रं आणतील, रेमे. तिन्ही एक्केचाळीसच सांगतील. मग तोच आकडा लिहिला जाईल, कारखाना बत्तीस फूट पिऊन जाईल, आणि कागदावर काहीच घडलेलं नसेल."

"मग मला कशाला विचारतोस?" ती ओरडली. तिचे डोळे भरले होते.

शनिवारी उजाडताच त्याने बोअरवर दोरखंड आणि पाइपची लांबट बादली लावली. कुणाला काही सांगितलं नाही. पहिली बादली पिंपात ओतली तेव्हा काळसर, जाडसर तेल कुंपणाशी जमलेल्या सगळ्यांनी पाहिलं. दुपारी दोनपर्यंत साडेतीन पिंपं भरली.

"आता सोडा तुमची तार," तो ऑस्टरला म्हणाला.

पीं. तीनशे तेरा.

ऑस्टरने परत सोडली. तीनशे तेरा. तो पिंपांकडे पाहत राहिला. मान खाली घालून त्याने जुना आकडा खोडला, नवा लिहिला. अठ्ठावीस फूट पाणी गावाच्या पदरात परत पडलं होतं. कुणी टाळी वाजवली नाही.

"उस्ताद," डोन्या ऑरेलिया हळूच म्हणाली, "हे आम्ही पीत होतो?"

"नाही, डोन्या. पंप फार खाली आहे. तेल वर तरंगतं, खाली उतरत नाही." त्याने पुन्हा एकदा सांगितलं. तिने ऐकून घेतलं, सही केली, आणि सुनेचा हात धरून निघून गेली. जाताना तिने त्याला नेहमीसारखं कॉफीला बोलावलं नाही.

पुढच्या आठवड्यात समितीने शहरातून नवा मेकॅनिक लावला. एलिसेओने पंपाच्या खोलीची किल्ली ऑरेलियाच्या दारातल्या खुंटीला अडकवली. दारं लोटलेलीच होती. एकवीस घरांच्या ओट्यांवर विकतच्या पाण्याच्या निळ्या बाटल्या आल्या होत्या.

सकाळी सहाला पंप सुरू झाला. एलिसेओ खिडकीशी उभा राहून ऐकत होता. दांडा किंचित किरकिरला, मग लागला फिरायला. आठ थेंब, बरोबर आठ. त्याने नळाखाली पेला धरला, भरला आणि एका दमात प्यायला.

मागून रेमेदिओस आली. तिने आपला पेला पुढे केला.