उजेडाच्या तारेतला शिवतेज

आष्ट्याजवळच्या मळ्यातला मांडव सकाळीच गच्च भरला होता. नाथाजी महाराजांनी काळी तार वर धरली. तिच्या टोकाला लाल उजेड दिसत होता.

"हिच्यात तांबं न्हाई, करंट न्हाई. आत्मा उजेडातनं चालतो," महाराज म्हणाले. मांडवामागं त्यांचा जनरेटर धडधडत होता, पण तिकडं कोण बघतंय!

तार स्पीकरला लागली आणि शालूबाईच्या अंगावर काटा आला. आठ महिन्यांपूर्वी सीमेवर बर्फात गाडला गेलेला तिचा फौजी लेक शिवतेज बोलला, "आई, इंजेक्शन बंद कर." महाराजांनी तार जराशी ओढून मध्ये कागद धरला, आवाज तुटला. कागद काढला, पुन्हा आला. बाया पदर डोळ्यांना लावू लागल्या.

शालूबाईला जुनी साखर होती. गेल्या मंगळवारी हाच आवाज ऐकून तिनं इन्सुलिन सोडलं होतं. तेव्हापासून घसा कोरडा पडायचा, उभं राहिलं की अंधारी यायची. चुलीपुढं बसलं तरी तिला तो आवाज पाठीमागून ऐकू येई. पोराचा शब्द कसा मोडायचा? सून सृष्टी विनवून थकली आणि शेवटी तिनं तरन्नुमला गाठलं. तरन्नुमचा आष्ट्यात स्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा, मांडवातले स्पीकरही तिचेच.

तरन्नुम पुढं झाली. "महाराज, तुमच्या भजनाचा आवाज ह्याच तारेतनं खणखणीत येतो. शिवतेजदादाच्या 'इंजेक्शन'मधला 'श' फोनवरच्यावानी दबका का?"

"लय लांबनं येतोय, पोरी."

"लांबचा बारीक हुईल, कापलेला कसा हुईल?"

मग तिनं लोकांना समजावलं. असली तार टीव्हीलाही जोडतात. आतला उजेड सेकंदाला लाखो वेळा कमीजास्त होतो, त्या लुकलुकण्यातनं आवाज आकड्यांच्या रूपात जातो. माणसाच्या कानाला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंत ऐकू येतं आणि ही तार ते सगळं नेते. साधा फोन मात्र साडेतीन हजाराच्या वरचं, म्हणजे 'श'ची धारच, छाटून टाकतो.

"वर गेलेल्या माणसाला मोबाईलची रेंज कशाला लागती?" असं म्हणून तिनं महाराजांच्या पाठीमागचा पडदा ओढला. तारेच्या दुसऱ्या टोकाला लॅपटॉप होता.

फौजेतल्या पोराचा फोन रोज थोडाच येतो! म्हणून शालूबाईच्या मोबाईलवर त्याचा प्रत्येक कॉल रेकॉर्ड करून साठवलेला असे. तोच मोबाईल महाराजांच्या शिष्यानं मंतरायला म्हणून एक दिवस नेला होता. सृष्टीनं त्यातला मूळ कॉल शोधून स्पीकरला लावला.

"आई, इंजेक्शन बंद करू नगंस. म्या सुट्टीला येस्तवर नीट ऱ्हा."

शालूबाई उठली, सुनेच्या खांद्याचा आधार घेऊन महाराजांपुढं उभी राहिली.

"माझ्याच लेकाच्या तोंडानं मला मारत हुतास व्हय रं?"

तरन्नुमनं गाडी काढली आणि तिघी थेट दवाखान्यात गेल्या. साखर पाचशेच्या वर निघाली. आणखी दोन दिवस गेले असते तर काही खरं नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले.

बाबांनो, गेलेल्या माणसाचा आवाज ऐकावासा वाटतो, त्यात लाज कसली? पण तार तांब्याची असो की उजेडाची, एका टोकाला घालावं तेच दुसऱ्या टोकाला निघतं. आवाज कितीही ओळखीचा असला तरी आधी उठा आणि घालणारा कोण ते बघा. आणि औषध बंद करायचं ते डॉक्टरला विचारूनच.