आडवा बांबू

देवानंदने बांबू आडवा टाकला आणि लाकडी बंदूक छातीशी धरून जीपसमोर उभा राहिला. अमरावतीच्या पोलीस मैदानावर आजच्या निवड चाचणीत त्याला बंडखोराचं काम दिलं होतं. जीपच्या मागच्या सीटवर रुग्ण म्हणून एक गोणी झोपवलेली होती. जीप चालवत आलेली शिपाई प्रतीक्षा खाली उतरून त्याच्यासमोर आली.

पंधरा मिनिटांत बोलून बोलून तिने बांबू उचलायला लावला, तर तिचं नाव परदेशातल्या शांतिसेनेसाठी पुढे जाणार होतं. देवानंदचं नाव इंग्रजीच्या पेपरातच गळालं होतं. निकालाआधी त्याने बाजारातून चाकांची बॅग आणली होती, परतवाड्याला सासुरवाडीत पेढेही वाटून झाले होते. आणि आता जिला क्लच कुठला नि ब्रेक कुठला हे त्याने शिकवलं, ती जाणार. बांबू उचलायचा नाही, हे त्याने सकाळी दाढी करतानाच ठरवलं होतं.

"माणूस लय बिमार हाय, भाऊ. जाऊ द्या," प्रतीक्षा दोन्ही हात मोकळे ठेवून म्हणाली.

"नाई."

"गाडी तपासून घ्या पाहिजे तर."

"नाई म्हटलं ना."

बारा मिनिटं गेली. कडुनिंबाखाली साहेब घड्याळ बघत होते. प्रतीक्षा बांबूच्या अलीकडे सरळ मातीत मांडी घालून बसली.

"तुमचं काय गेलं, भाऊ? ते तरी सांगा."

उत्तर त्याला कागदावर लिहून दिलं होतं, जमीन गेली म्हणून. ते त्याच्या तोंडात आलंच नाही.

"आठ वर्सं झाले, लोकायले गाडी शिकवून राहिलो. शिकले ते समोर गेले. मले कोणी इचारलं का काई?"

"मी बी नाई इचारलं," प्रतीक्षा म्हणाली.

पंधरा मिनिटं भरायच्या आत देवानंदने बांबू उचलला.

"अगदी खरा बंडखोर वाटलास," साहेब हसत म्हणाले. "पुढच्या तुकडीलाही तूच."

जीप पुढे गेली आणि दगडांनी आखलेल्या जागेवर लावायला उलटी येऊ लागली. चाक दगडाला घासावं, असं देवानंदला मनापासून वाटत होतं. दोन दगडांच्या मधून ती सरळ आली, त्याने शिकवली तशी.

"बराबर लागली का, भाऊ?"

त्याने वाकून दोन्हीकडची चाकं पाहिली.

"लागली." मग बंदूक खाली ठेवत त्याने विचारलं, "चाकाची बॅग हाय का तुयाजवळ?"

"नाई."

"माही घेऊन जाय. वापस आणजो मात्र. मले लागन."