दोन एक्कावन्नला कोरी झालेली फाइल

मित्रांनो, माझं वजन शून्य आहे. माझ्यात एक अक्षर नाही, एक टिंब नाही. रुग्णवाहिकांचे फोन जिथे येतात, त्या खोलीतल्या जुन्या संगणकावरची मी एक कोरी फाइल आहे. कोऱ्या फाइलला सांगण्यासारखं काय असणार, असं तुम्हाला वाटेल. मी कोरी कशी झाले ते ऐका, आणि मग ठरवा.

माझा जन्म गैरसोयीतून झाला. त्या खोलीत आधी दुसरी सिस्टीम होती. ती बनवणाऱ्यांनी तिला वाऱ्यावर सोडलं, तेव्हा एका आठवड्यात सगळे संगणक नव्या सिस्टीमवर नेले. नवी सिस्टीम गुणी होती, मध्येच अडून बसत नव्हती. पण जुनीवर माउसची उजवी कळ दाबली की यादीत 'नवीन' यायचं, त्यात 'कोरी फाइल' यायची, दोन टिचक्यांत कोरं पान हजर व्हायचं. नव्या यादीत फोल्डर होतं, 'चिकटवा' होतं, पडद्यामागचं चित्र बदलायचीही सोय होती. कोरी फाइल तेवढी नव्हती.

यात रडण्यासारखं काय, असं साहेबांनीही विचारलं होतं. पण साहेब फोन घेत नव्हते. फोन घ्यायच्या त्या ताई. त्यांच्याहून वयाने थोर असलेले चालकसुद्धा त्यांना ताईच म्हणत. एकोणीस वर्षं त्या एकाच खुर्चीवर बसल्या होत्या आणि त्यांची पद्धत ठरलेली होती. फोन वाजला की आधी कोरी फाइल करायची, तिला त्या वेळेचं नाव द्यायचं, मगच 'बोला' म्हणायचं. "आधी पान, मग कान," असं त्या नवीन मुलींना शिकवायच्या. घाबरलेला माणूस पत्ता एकदाच नीट सांगतो. दुसऱ्यांदा विचारलं की चिडतो, तिसऱ्यांदा विचारलं की रडतो.

नव्या सिस्टीमवर आधी लिहायचं सॉफ्टवेअर शोधा, ते उघडेपर्यंत थांबा, लिहा, मग ते विचारणार: नाव काय देऊ? कुठे ठेवू? ताईंनी घड्याळ लावून मोजलं. पूर्वी तीन सेकंद लागायचे, आता एकवीस. अठरा सेकंदांत माणूस जिन्याच्या वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर येतो, असं त्या म्हणाल्या. कुणी ऐकलं नाही. मग त्या पत्ते डाव्या तळहातावर लिहू लागल्या.

आठवड्यातून दोनदा दुरुस्तीवाला यायचा. त्याने तो हात पाहिला.

"ताई, हाताचा फळा केलात की!"

"मग काय तुझ्या डोक्याचा करू? रिकामं तेही आहे."

तो हसला आणि कामाला बसला. नव्या सिस्टीमची खोड त्याला माहीत होती. तिच्यात 'नमुने' नावाचं एक फोल्डर असतं. त्यात जे ठेवाल, त्याची नक्कल उजव्या कळेच्या यादीत मिळते. ते फोल्डर रिकामं होतं, म्हणून यादीही रिकामी होती. त्याने एक फाइल उघडली, काही न लिहिता जतन केली, नाव दिलं 'कोरी' आणि तिथे ठेवली. ती मी. ताईंनी उजवी कळ दाबली, 'नवीन', 'कोरी', आणि माझी पहिली लेक पडद्यावर उतरली. तीन सेकंद!

"तुला झटका येईल ना रे, तेव्हा पहिली गाडी तुझी," ताई म्हणाल्या. त्या खोलीत याहून मोठं बक्षीस नव्हतं.

एक गोष्ट राहिली. फाइलला कुलूप लावता येतं. मग तिची नक्कल होते, पण तिच्यात कुणाला लिहिता येत नाही. "उद्या लावतो," दुरुस्तीवाला म्हणाला. त्या उद्याची मी चार वर्षं वाट पाहिली.

चार वर्षांत माझ्या अठ्ठावीस हजारांवर लेकी झाल्या. कुणाच्या अंगावर भाजणं लिहिलं गेलं, कुणाच्या अंगावर पडणं, कुणाच्या अंगावर छातीतली कळ. मी आतल्या फोल्डरात कोरीच राहिले. मला कुणी उघडत नव्हतं, आणि न उघडण्यातच माझी किंमत होती.

आता त्या खोलीची आणखी एक रीत सांगते, कारण सगळं तिच्यामुळेच उलटलं. ताई लिहायच्या चार ओळी. वर नाव, मग दुखणं, मग वय, आणि सगळ्यात खाली पत्ता. कागद शेजारच्या चालकांच्या खोलीत छापून निघायचा. एक चालक तर छापयंत्रातून कागद निघता निघता खेचायचा, तळाची ओळ वाचायचा आणि पळायचा. त्याचं नावच 'खालची ओळ' पडलं होतं. गाडीवरची परिचारिका ओरडायची, "अहो, वर काय लिहिलंय ते तरी बघा!"

"वरचं दुखणं तुमचं, खालचा रस्ता माझा," तो म्हणायचा. सगळे हसायचे. त्याच्याइतकी लवकर गाडी कुणाचीच निघत नसे, म्हणून त्याला कुणी टोकलं नाही.

त्या दिवशी दुपारी एकला ताई जेवायला गेल्या. त्यांच्या जागी बसायची मुलगी रजेवर होती, म्हणून साहेब स्वतः बसले. कुठल्याही खुर्चीवर बसलं की ते काम आपल्याला येतं, असा साहेबांचा समज होता. सव्वाला फोन आला. उतारावरचं निळं दार, घर सतरा. म्हातारे वडील न्हाणीघरात पडले होते. साहेबांना उजव्या कळेची युक्ती ठाऊक नव्हती. त्यांनी शोधायच्या चौकटीत 'कोरी' लिहिलं. सापडले मी. त्यांनी मलाच उघडलं.

साहेबांची उमेदीची वर्षं कागदावर पत्रं लिहिण्यात गेली होती. शिक्का आणि शेरा यांसाठी वरचं अर्धं पान सोडायचं, हे हातात मुरलेलं. त्यांनी तीसेक वेळा एंटर दाबला, मला खाली खाली ढकललं आणि तळाशी एका ओळीत सगळं लिहिलं: उतारावरचं निळं दार, घर सतरा, वृद्ध पडले. मग छापलं आणि जतनही केलं. जतन करायची सवय मात्र त्यांना चांगली होती.

पहिली गाडी गेली. म्हातारे आधीच गेले होते. गाडी रिकामीच परत फिरली.

एक पस्तीसला ताई आल्या. "एक फोन होता, मिटवला," साहेब उठत म्हणाले. "इतकं काही अवघड नाही हो तुमचं काम."

"हो ना साहेब. म्हणून तर मला दिलंय."

अर्धा तास फोन वाजला नाही. माझ्या पोटात परक्या घराचं दार होतं, आणि ते ओरडून सांगायला मला तोंड नव्हतं.

दोन आठला फोन आला. ताईंनी उजवी कळ दाबली, 'नवीन', 'कोरी'. माझी लेक जन्माला आली ती निळं दार घेऊनच. पडद्याच्या चौकटीत वीस ओळी मावत होत्या. ते दार एकतिसाव्या ओळीवर होतं.

"बोला."

"बायकोला श्वास घेता येत नाहीये. आत्ता बोलत होती, आता बोलत नाही."

फोनवर शिंपी होता. ताईंनी चार ओळी लिहिल्या. तळाची ओळ होती: पुलापलीकडे, शिंप्याचं दुकान, मागची खोली. त्यांच्यापुरती ती तळाची होती. कागद छापला गेला. "गाडी निघाली. फोन ठेवू नका. तिला भिंतीला टेकवून बसतं करा."

खालची ओळ नावाच्या चालकाने कागद खेचला, तळ वाचला आणि पळाला. पहिल्या गाडीवर तो नव्हता. निळं दार त्याला नवीन होतं. परिचारिकेने कागद मागितला, तेव्हा तो चालकाच्या मांडीखाली दबलेला होता.

दोन एकवीसला त्यांनी निळं दार वाजवलं. बाहेर चपलांचा ढीग होता. लेकीने दार उघडलं. तिचे डोळे सुजलेले होते. गाडीकडे बघून ती म्हणाली, "आता काय राहिलंय न्यायचं?"

चालकाने वायरलेस उचलला. "ताई, इथे मयत झालीये मघाशीच. आमचा पेशंट कुठाय?"

"पुलापलीकडे! शिंप्याचं दुकान!"

"माझ्या कागदावर निळं दार आहे."

"वर बघा हो, वर!"

ताईंच्या एका कानात वायरलेस होता, दुसऱ्यात शिंपी. तो सांगत होता की बसवलंय, ओठ काळे पडतायत, गाडी कोपऱ्यावर दिसत नाही. ताई म्हणत होत्या, येतेय, येतेय. दोन तेहेतीसला शिंपी म्हणाला, "आता घाई नको." आणि त्याने फोन ठेवला.

गाडी दोन अडतीसला पोचली.

साहेब दारात उभे होते. 'निळं दार' हे शब्द त्यांनी ऐकले होते. दोन चाळीसला त्यांनी ताईंना टेबलावरून उठवलं आणि बाहेरच्या बाकावर बसवलं. परिचारिकांपैकी एकीने त्यांना पाणी दिलं. ती त्यांच्याजवळच बाकावर बसून राहिली. साहेब आत एकटे बसले. दोन एक्कावन्नला त्यांनी मला उघडलं, खालपर्यंत गेले, आपली ओळ पाहिली, सगळं निवडलं, पुसलं आणि जतन केलं. मी पुन्हा कोरी झाले.

चौथ्या दिवशी चौकशी बसली. टेबलावर तो कागद होता, त्यावर दोन पत्ते.

"मी कोरीच फाइल घेतली होती," ताई म्हणाल्या.

"मी केलेली फाइल समोर उघडी होती. बाईंनी ती न पुसता तिच्यावरच लिहिलं," साहेब शांतपणे म्हणाले. "कोरी कशी असते ते बघायचंय? ही बघा." त्यांनी मला भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर उघडलं. मी पसरले, पांढरीशुभ्र. इतकी शुभ्र, की ताईंना स्वतःचाच संशय आला. "असेल बाई," त्या पुटपुटल्या. "माझंच काही चुकलं असेल."

दुरुस्तीवाल्याला माझी तपासणी करायला सांगितलं. त्याने माझी माहिती उघडली. आकार शून्य. शेवटचा बदल: त्याच दिवशी, दोन वाजून एक्कावन्न मिनिटं. त्याचं बोट माउसवर थबकलं. त्याने साहेबांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. ही वेळ वाचून दाखवली असती, तर पुढचा प्रश्न त्यालाच आला असता: हिला कुलूप का नव्हतं?

"फाइल कोरी आहे, साहेब," तो म्हणाला. त्यात खोटं काहीच नव्हतं.

सगळे गेल्यावर त्याने मला कुलूप लावलं. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, तो असा. मला मात्र ते कुलूप त्याच्या कबुलीसारखं वाटतं. दुसऱ्या कुणाला ते वाचता येत नाही, एवढंच.

शिंप्याला बोलावून सांगण्यात आलं की बाईंची चूक होती, त्यांना काढलं आहे. त्याने ते ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पण त्या बाई तर माझ्याबरोबर रडत होत्या." त्याची सही घेतली आणि त्याला पाठवून दिलं.

ताईंनी खुर्चीवरची उशी आणि पाण्याची बाटली पिशवीत घातली. जाता जाता नव्या मुलीला एवढंच सांगितलं, "कोरी घेतलीस तरी आधी तळापर्यंत जाऊन बघ."

"तळाला काय असतं, ताई?"

"बहुतेक वेळा काही नसतं."

ती मुलगी अजून बघते. तिचे पाच सेकंद होतात. चालकांच्या खोलीत आता कुणी खालची ओळ वाचून पळत नाही, आणि त्या नावाने कुणी कुणाला हाकही मारत नाही.

मित्रांनो, कोरं पान दिसलं की लगेच विश्वास टाकू नका, ते कधी कोरं झालं तेही विचारा. चौकशीचा अहवाल त्याच खोलीतल्या लोखंडी कपाटात आहे. त्याच्या तिसऱ्या पानावर साहेबांनी आपल्याच हाताने लिहिलंय: बाईंना दोन चाळीसला टेबलावरून उठवण्यात आले. माझ्यावर लिहिलंय दोन एक्कावन्न. मधल्या अकरा मिनिटांत त्या टेबलाशी कोण बसलं होतं, हे बाकावरच्या परिचारिकेलाही माहीत आहे. कपाट आणि संगणक यांच्यात चार पावलांचं अंतर आहे. जुना संगणक लवकरच मोडीत निघणार, असं ऐकते. त्याआधी तुमच्यापैकी कुणी ते पान हातात घेऊन इथवर आलं, तर फार काही करायचं नाही. माझ्यावर उजवी कळ दाबा, माझी माहिती उघडा आणि शेवटच्या बदलाची वेळ मोठ्याने वाचा.