नारबोदसंगं गेलेली

सत्तावन्न साली तापखोकल्याची साथ आली आणि आमगावकडच्या त्या गावात घरटी दोघं-तिघं आडवे झाले. डॉक्टरनं सांगितलं, फ्लू आहे बाबांनो, पडून राहा, पाणी उकळून प्या. एवढ्यानं कुणाचं समाधान होतं? लोकांना ताप कुणी आणला त्याचं नाव हवं होतं!

नाव केवळराम पाटलानं दिलं. रुख्मा. विधवा बाई, आमगावच्या बाजारातून आली आणि खोकू लागली. खरं तर तिच्याही चार दिवस आधीपासून पाटलाची बायको सुलोचनाबाई खोकत होती, गोंदियाला बहिणीकडे जाऊन आल्यापासून. तिला त्यानं आतल्या खोलीत दार लावून ठेवलं होतं. साथ पाटलाच्या घरातून निघाली म्हटल्यावर गावात तोंड कुठं दाखवणार?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गावानं नारबोदचा पुतळा उचलला. घरोघरची रोगराई त्याच्या अंगावर घालायची, शिवेबाहेर फेकायचा आणि मागं न बघता परतायचं, अशी रीतच होती. "खासी-खोकला घेऊन जाय गे नारबोद!" गाव ओरडत होतं. या खेपेला पुतळ्यामागं रुख्मालाही चालवलं. ती तापानं लटपटत होती, कडेवर दोन वर्षांची धुरपता.

"पाटील, पोरगी भिजंल जी," रुख्मा म्हणाली.

"नारबोदसंगं गेलेलं परत येत नाही. तिकडंच राहा."

शिवेवरच्या गळक्या खोपटात पोरगी तिसऱ्या दिवशी गेली. मातीला कुणी आलं नाही. रुख्मानं एकटीनं खड्डा खणला. ती स्वतः मात्र बरी झाली.

आठव्या दिवशी सुलोचनाबाईची छाती घरघरू लागली. केवळराम घाबरला. हिच्यावाचून आपलं कोण आहे? पण डॉक्टर आणला तर बोभाटा, गावातली बाई बोलावली तरी बोभाटा. रुख्मा कुणाला सांगणार? तिच्याशी बोलतंच कोण! तो सकाळीच शिवेवर गेला.

"रुख्मे, चाल. पाटलीण बिमार हाय. मागच्या दारानं ये."

"कधीपासून?"

खोटं सुचलंच नाही त्याला. "पोळ्याच्या आधीपासून."

रुख्मानं बोटांवर दिवस मोजले. "नारबोदसंगं गेलेलं परत येते का जी? मी नाही येत. तिले इकडं आना. बंडीत टाकून, भर गावातून. मी करीन तिचं सारं."

केवळरामनं घरी येऊन बैलबंडी जुंपली. पण रस्त्यावर बायका पाण्याला निघाल्या होत्या, पारावर चार माणसं बसली होती.

"काऊन थांबले?" सुलोचनाबाईनं विचारलं.

"लोक हायेत ना. दिवस बुडू दे, मंग नेतो."

दिवसभर तो उशाशी बसला. खोकल्याची उबळ आली की गोधडीचा बोळा तिच्या तोंडावर दाबायचा. ती डोळ्यांनी विनवायची आणि तो दाराकडं बघायचा.

दिवस बुडायच्या आधीच खोकला थांबला. केवळरामनं कान देऊन ऐकलं. सुटलो बुवा, आता बाहेर काही ऐकू जाणार नाही, हे त्याला आधी वाटलं. बायको गेली हे मग कळलं. दारात बंडी जुंपलेलीच होती.