हेमराजने आणलेला फेडर

मूल गावात डीजे हेमराजचा वाजायचा, पण नाव व्हायचं अश्वजितचं. राइस मिलमधून सुटला की हा गडी यायचा, एका हाताने तबकडी मागेपुढे घासत स्क्रॅच करायचा आणि दुसऱ्याने मिक्सरचा आडवा फेडर, गाणी बदलायची ती सरकती खुंटी, असा नाचवायचा की गाणं तुटून, जुळून भलताच ठेका धरायचं. भीमजयंतीच्या मिरवणुकीत तर पोरं नाचायचं सोडून त्याचे हात बघत राहायची. हेमराजला कौतुक होतं. थोडी जळजळही होती, पण ती सांगणार कोणाला?

भर लग्नसराईत तो फेडर खरखरायला लागला. अश्वजितच्या अंगावरून आलेली मिलच्या कोंड्याची धूळ आत बसलेली. हेमराजने शहाणपणा करून शिलाई मशीनचं तेल सोडलं, तेव्हा त्या धुळीचा चिखल झाला आणि फेडर पार कामातून गेला.

नागपूरच्या दुकानदाराने काउंटरवर दोन फेडर ठेवले. एक चुंबकाचा, बोट लागताच सरकणारा. दुसरा जड, जोर लावून ढकलावा लागणारा.

"स्क्रॅच करणारा असेल तर हलका न्या," तो म्हणाला. "नुसती लग्नं वाजवायची तर जड बरा."

हेमराजला हळदीतली गर्दी आठवली. टेबलावर रेलणारे नवरदेवाचे दोस्त, कुणाचं तरी कोपर फेडरला लागून ऐन नाचात गायब झालेलं गाणं. तेव्हा शिव्या खायला हेमराज आणि टाळ्या घ्यायला अश्वजित. खिशात फोन होता. पण विचारलं तर तो हलकाच मागणार, असं धरून चालून त्याने फोन काढलाच नाही. जड फेडर बांधून घेतला.

सिंदेवाहीच्या लग्नात अश्वजितने तो इकडून तिकडे सरकवून पाहिला.

"काऊन भाऊ, हा कुठचा आणला?"

"हाच होता दुकानात."

खोटं किती सहज निघालं तोंडातून. अश्वजितने फेडर मधोमध आणून ठेवला आणि लग्न होईपर्यंत नुसती गाणी लावली. पुढच्या सुपारीला तो आलाच नाही. मिलमध्ये काम वाढलं, म्हणाला.

त्यानंतर हेमराजचं वाजवण्यात मन लागेना. कुणी तक्रार करत नव्हतं, गाणं बंद पडत नव्हतं, तरी बाजूची रिकामी जागा त्याला खायला उठायची. शेवटी तो पुन्हा नागपूरला गेला, हलका फेडर आणून बसवला आणि थेट मिलच्या फाटकावर उभा राहिला.

"तुह्यासाठी हलका बसवला गा. चाल आता."

अश्वजितने अंगावरचा कोंडा झटकला.

"म्हणजे तवाही होता दुकानात."

हेमराजने मान खाली घातली.

"हळदीत कोपरं लागतेत, ते मले दिसत नाई का भाऊ? मले इचारलं असतं, त मीच म्हणलो असतो, जड घे."